थडग्यात ठेवण्यासाठी घडवलेली माणसे : चीनमधील ‘मिंगछी’ मृण्मूर्ती

घोडनदी (धागाकर्ता)

थांग राजवटीच्या काळातील (इ.स. ६१८ ते ९०७) साईसाची मृण्मूर्ती नीट पाहिली, तर एक गोष्ट हमखास नजरेत भरते. त्याचे हात छातीजवळ वर आलेले असतात, मुठी घट्ट मिटलेल्या असतात आणि त्या मुठींत काहीही नसते. मूर्ती पुरली तेव्हा तिथे लगामाची दोरी होती. शेजारच्या घोड्याच्या मानेवर कधीकधी एक लांब खाच आणि शेपटीच्या जागी भोक दिसते. तिथे खऱ्या केसांची आयाळ आणि शेपूट बसवलेली असे. बाराशे-तेराशे वर्षांत दोरी गेली, केस गेले, भाजलेली माती तेवढी उरली. त्या रिकाम्या मुठीपासूनच मी या विषयाच्या वाचनाला लागलो.

मृतासोबत पुरण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या वस्तूंना चिनी भाषेत ‘मिंगछी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘तेजस्वी भांडी’ किंवा ‘तेजस्वी वस्तू’. त्यांतल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या मूर्तींना ‘योंग’ हा वेगळा शब्द आहे. ‘लीजी’ या प्राचीन विधिग्रंथात मिंगछीबद्दल जे म्हटले आहे, ते मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. मृत व्यक्तीला पूर्णपणे मेलेली समजून वागवणे हे माणुसकीला सोडून आहे आणि ती पूर्णपणे जिवंत आहे असे समजून वागवणे हे शहाणपणाला सोडून आहे, असे कन्फ्यूशियसच्या तोंडी तिथे विधान आहे. म्हणून थडग्यातील वस्तू अर्धवट ठेवायच्या: तंतुवाद्याला तारा असाव्यात पण त्या जुळवलेल्या नसाव्यात, घंटा असाव्यात पण त्या टांगायची चौकट नसावी. पाहताक्षणी वस्तू ओळखू यावी, पण ती वापरता येऊ नये.

या मूर्तींच्या आधीचा इतिहास भीषण आहे. आन्यांग येथे १९७६ मध्ये उघडकीस आलेल्या फू हाओ या शांग राजवटीतील राणीच्या थडग्यात (सुमारे इ.स.पू. १२००) सोळा माणसांचा बळी दिलेला आढळला. छिन राज्याचा अधिपती मू इ.स.पू. ६२१ मध्ये वारला, तेव्हा त्याच्यासोबत १७७ माणसे पुरल्याची नोंद आहे आणि त्यांतील तिघा नामवंत पुरुषांसाठीचे शोकगीत प्राचीन चिनी काव्यसंग्रहात टिकून आहे. त्याच छिन राज्याने इ.स.पू. ३८४ मध्ये ही प्रथा बंद केली, आणि पुढे त्याच घराण्यातील पहिल्या सम्राटाने मातीची सेना उभी करवली. ती सेना १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली. तिच्याविषयी मराठीत बरेच लिहून झाले आहे, म्हणून येथे थांबत नाही.

मला अधिक जवळच्या वाटतात त्या त्यानंतरच्या हान काळातील वस्तू. सम्राट जिंग (मृत्यू इ.स.पू. १४१) याच्या यांगलिंग येथील समाधीभोवतीच्या खड्ड्यांतून निघालेल्या मूर्ती माणसाच्या साधारण एक-तृतीयांश उंचीच्या आहेत. आज त्या नग्न आणि हात नसलेल्या दिसतात, कारण त्यांचे हात लाकडाचे होते, अंगावर खरे कपडे होते आणि दोन्ही कुजून गेले. पुढच्या हान काळात तर सामान्य जमीनदारांच्या थडग्यांतही मातीचे अख्खे घरदार येऊ लागले. चूल, धान्याचे कोठार, विहीर, टेहळणीचा मनोरा, भातखाचर, आणि खाली डुकरांचा गोठा असलेला शौचकूपसुद्धा त्यात असे. छंग्दूजवळ १९५७ मध्ये सापडलेला ढोलकी वाजवणारा कथेकरी पाहा. उघडे पोट, वर उचललेला एक पाय आणि सगळा चेहरा व्यापणारे हसू अशी त्याची छबी आहे.

माझा प्रश्न असा आहे. ज्या मूर्ती अंधारात ठेवायच्या, ज्या पुन्हा कोणीही पाहायच्या नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावर एवढे काम का केले गेले असावे? मला वाटते की पाहणाऱ्यासाठी त्या घडवलेल्याच नव्हत्या. जाणकारांनी या मताची तपासणी करावी, ही विनंती.

जुनी पाटी

धागा आवडला. पण आधी माणसे पुरत, मग समाज सुधारला आणि त्यांच्या जागी मूर्ती आल्या, ही मांडणी मला फार सरळ वाटते.

पहिल्या सम्राटाचेच उदाहरण घ्या. सिमा छ्येन या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की दुसऱ्या सम्राटाच्या आज्ञेने मूल नसलेल्या राजस्त्रियांना मृत सम्राटामागे मरावे लागले आणि आतल्या यंत्रणा ठाऊक असलेल्या कारागिरांना दरवाजे लावून आत कोंडले गेले. म्हणजे जगातील सर्वांत मोठी मातीची सेना ज्या समाधीजवळ उभी आहे, त्याच समाधीत जिवंत माणसेही गेली. परिसरातील झाओबेइहू या गावाजवळ समाधीवर राबलेल्या मजुरांचे दफनस्थळ सापडले आहे. त्यांतील काहींच्या अंगावर कौलाचा तुकडा ठेवलेला होता आणि त्यावर नाव व गाव कोरलेले होते. सम्राटाच्या मातीच्या सैनिकांवर कारागिरांची नावे उमटवलेली आहेत, ती कामाची जबाबदारी ठरवण्यासाठी. मजुराच्या कौलावरचे नाव मात्र तो कोण होता एवढेच सांगण्यासाठी आहे. मला त्या सेनेपेक्षा हे कौलाचे तुकडे अधिक वेळ थांबवून ठेवतात.

शिवाय मिंग राजवटीत राजस्त्रियांना सम्राटामागे मरायला लावण्याची प्रथा पुन्हा आली आणि ती १४६४ मध्ये एका सम्राटाने मृत्युसमयी केलेल्या आज्ञेने बंद झाली. मातीच्या मूर्ती तर त्याआधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ प्रचारात होत्या. मूर्ती आली म्हणून माणूस सुटला, असे म्हणता येत नाही.

कन्फ्यूशियसलाही हीच भीती होती, असे दिसते. गवताच्या बाहुल्या पुरायला त्याची हरकत नव्हती. हुबेहूब माणसासारख्या योंगला होती, कारण त्या जिवंत माणूस वापरण्याच्या फार जवळ जातात. ज्याने प्रथम योंग घडवले त्याचा वंश खुंटो, हा त्याचा शाप मेन्शियस या त्याच्याच परंपरेतील पुढच्या विचारवंताने नोंदवला आहे.

घोडनदी (धागाकर्ता)

दुरुस्ती मान्य आहे. इ.स.पू. ३८४ ला मी दिलेले वजन जास्त होते. झाओबेइहूच्या कौलांविषयी मला काहीच माहीत नव्हते. ते सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

शाडू

आमच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि मी स्वतः गेली काही वर्षे भाजलेल्या मातीचे काम करतो. म्हणून हाताच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

थांग काळातील मूर्ती बहुतांशी साच्यातल्या आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, त्यांत माती बोटांनी दाबत न्यायची, किंचित सुकली की दोन्ही अर्ध साच्यांतून काढून पातळ मातीच्या घोळाने जोडायचे. डोके बहुधा वेगळे करून मागाहून बसवलेले असते. आतून मूर्ती पोकळ ठेवावीच लागते, कारण जाड भरीव माती भट्टीत तडकते आणि आतली वाफ कोंडली तर मूर्ती फुटते. जोडाची रेघ ओल्या हाताने पुसली जाते, पण आतून ती राहते. फुटक्या मूर्तीच्या आत पाहिले तर कारागिराच्या बोटांचे दाब अजून दिसतात. आमच्याकडे शाडूच्या मूर्तीच्या आतही असेच दाब असतात आणि बोटांच्या ठेवणीवरून घरातल्या कोणाचा हात आहे ते मला सांगता येते.

आता ‘सान्त्साय’ म्हणजे ‘तीन रंग’ या झिलईविषयी. ती शिशाची झिलई आहे. वाळूतला सिलिका एरवी फार मोठ्या उष्णतेला वितळतो. शिसे मिसळले की ८०० ते ९०० अंशांनाच त्याची काच होते. म्हणून मूर्ती आधी मोठ्या आचेवर, हजार अंशांच्या आसपास किंवा थोडी वर, कोरडी भाजून घेत आणि मग झिलई लावून दुसऱ्यांदा कमी आचेवर भाजत. तांब्याने हिरवा रंग येतो, लोखंडाने मधासारखा पिवळा-तपकिरी, कोबाल्टने निळा. हा निळा महाग होता, म्हणून तो जपून वापरलेला दिसतो. शिशाची झिलई आचेत फार पातळ होऊन ओघळते. उंटाच्या पोटाखाली किंवा झग्याच्या काठाशी तिचा थेंब लोंबत असताना गोठलेला दिसतो, तो भट्टी निवली त्या क्षणाचा.

याच कारणामुळे चेहऱ्याला पुष्कळदा झिलई लावत नसत. ओघळणाऱ्या काचेखाली नाक-डोळे बुजले असते. म्हणून चेहरा कोरडा भाजायचा आणि शेवटी कुंचल्याने भुवया, केस आणि लाल ओठ रंगवायचे. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती घरातला सर्वांत सरावाचा हात करतो. एकाच साच्यातून निघालेल्या पन्नास मूर्तींपैकी प्रत्येक मूर्ती वेगळी दिसते ती आखणीमुळे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर एवढेच की, ज्याचा हात बसला आहे त्याला चेहरा वाईट करता येत नाही. मूर्ती पाण्यात जाणार आहे हे आम्हालाही ठाऊक असते.

आणखी एक. शिशाच्या झिलईच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर शिसे त्यात उतरते. रोजच्या जेवणाला ती भांडी योग्य नव्हती; मृताच्या ताटाला चालत होती. हान काळातील हिरव्या झिलईवर ओल्या जमिनीत राहून चंदेरी साय धरते, तेव्हा ती माशाच्या खवल्यासारखी चमकते.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहते. ब्रिटिश म्युझियमच्या ३३ क्रमांकाच्या दालनात ल्यू थिंगश्युन या थांग सेनाधिकाऱ्याच्या थडग्यातील म्हणून ओळखला जाणारा मूर्तिसमूह आहे, तो मी अनेकदा पाहिला आहे. हा अधिकारी ७२८ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी वारला. मूर्ती डझनभर आहेत आणि सर्वांत मोठ्या मीटरभर उंचीच्या. त्या ओळीने उभ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाची जोडी आहे: दोन विक्राळ थडगेरक्षक प्राणी, चिलखतातले दोन लोकपाल, दोन अधिकारी, दोन घोडे, दोन उंट आणि त्यांचे साईस.

मला नेहमी वाटते की आपण त्यांना समोरून पाहतो, म्हणून त्या आपल्याकडे येत आहेत असा भास होतो. थडग्यात मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली असे. रक्षक प्राणी आणि लोकपाल दाराशी, कारण बाहेरून येणाऱ्या दुष्ट शक्तींना अडवायचे आणि आतल्या मृतालाही बाहेर भटकू द्यायचे नाही. घोडे आणि उंट प्रवासाचे व वैभवाचे. कागदपत्रे सांभाळणारा अधिकारी परलोकातही लागणार, कारण तिथेही कचेऱ्या आहेत अशी समजूत होती. समूह सुटा करून एकटा घोडा विकला गेला, की तो नुसता सुंदर घोडा उरतो. जगभरच्या संग्रहांत असे एकटे घोडे किती तरी आहेत आणि ते पाहताना मला वाईट वाटते.

उंटाच्या पाठीवरची खोगीरपिशवी जवळून पाहण्यासारखी असते. अशा पिशव्यांवर पुष्कळदा राक्षसी मुखवटा असतो आणि बाजूला रेशमाच्या लडी, पाण्याची चपटी सुरई, असे प्रवासाचे सामान लटकवलेले असते. व्यापारी मार्गावरची बारीकसारीक वस्तू कारागिराला पाठ होती.

जमीनखाली

शाडू आणि टेम्सकाठ यांचे प्रतिसाद वाचून समाधान झाले. मात्र या मूर्ती पाहणाऱ्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या, हे धागाकर्त्यांचे मूळ गृहीतक मला चुकीचे वाटते. थांग काळाबाबत तर ते नक्कीच चुकीचे आहे.

दफनाच्या दिवशी या मूर्ती अंत्ययात्रेत रस्त्याने मिरवल्या जात. आठव्या शतकाच्या सुरुवातीला थांग शाओ या अधिकाऱ्याने दरबाराला सादर केलेल्या निवेदनात तक्रार आहे की सरदार आणि अधिकारी एकमेकांवर कुरघोडी करत थाटाची दफने करतात, मातीची माणसे आणि घोडे जिवंत वाटावेत असे सजवतात आणि हे सारे रस्त्यावरच्या लोकांचे डोळे दिपवण्यासाठी असते, मनातल्या शोकासाठी नसते. यात राजधानीतल्या रस्त्याचे केवढे स्पष्ट चित्र आहे.

सरकारने मर्यादा घातल्या होत्या. तिसऱ्या व त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना ९० वस्तू, पाचव्यापर्यंतच्यांना ६०, नवव्यापर्यंतच्यांना ४०. मुख्य रक्षकमूर्ती, घोडे आणि माणसे एक ‘छी’ उंच, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. वादक आणि नोकरचाकर यांच्या मूर्ती त्याहून लहान, सात ‘त्सुन’ म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर. पुढे ७४१ मध्ये हे आकडे ७०, ४० आणि २० वर आणले गेले, सामान्य लोकांना १५ वस्तूंची मुभा मिळाली, आणि वस्तू साध्या मातीच्याच असाव्यात, लाकूड किंवा सोने-चांदी वापरू नये, असे ठरले.

आता ब्रिटिश म्युझियममधील मीटरभर उंचीच्या मूर्ती या नियमाशेजारी ठेवून पाहा. ७२८ मध्ये एक छीची मर्यादा होती आणि तरीही तिच्या तिप्पट उंचीच्या मूर्ती रस्त्याने गेल्या. एक तर खास परवानगी असेल किंवा नियम कोणी पाळत नसेल. पुन्हा पुन्हा नियम काढावे लागले यावरून दुसरी शक्यता मला अधिक पटते. शीआनजवळ ७२३ सालच्या श्येन्यू थिंगहुइ याच्या थडग्यात सापडलेला उंट आठवा, ज्याच्या पाठीवरच्या आसनावर दाढीवाले वादक बसले आहेत आणि मध्ये एक जण नाचतो आहे. अशी मूर्ती केवळ अंधारासाठी कोणी घडवून घेत नाही.

घोडनदी (धागाकर्ता)

हा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. माझ्या प्रश्नाचा पायाच हलला आणि त्याचा मला आनंद आहे.

आता मला ते असे दिसते. या मूर्तींना एक दिवस मिळत होता. घरापासून थडग्यापर्यंतच्या रस्त्यावर त्या शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, रस्त्यावरच्या पोरांनी पाहिल्या, आणि संध्याकाळी उतरत्या वाटेने त्या आत नेऊन ओळीत उभ्या केल्या गेल्या. चेहऱ्यावरचे लाल ओठ त्या एका दिवसाच्या उजेडासाठी होते आणि दाराशी उभा केलेला रक्षक पुढच्या सगळ्या काळासाठी. ‘लीजी’मधल्या अर्धवट ठेवण्याच्या शिकवणुकीपासून थांग काळ किती दूर आला होता, हेही यातून कळते. तारा न जुळवलेल्या वाद्याच्या जागी आता चालत्या उंटावर वाजणारा ताफा आला होता.

यांगलिंगच्या मूर्तींना मात्र हे लागू करायला मी कचरतो. सम्राटाच्या समाधीभोवतीच्या खड्ड्यांचे काम त्याच्या हयातीत सुरू होत असे, तिथली व्यवस्था निराळी होती.

पाऊलवाट

टेम्सकाठ यांनी लोकपालांचा उल्लेख केला आहे, त्याविषयी थोडे लिहितो, कारण त्यात आपल्याकडून गेलेली एक गोष्ट आहे.

थांग काळाच्या सुरुवातीला दाराशी साधा चिलखतधारी योद्धा असे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा बौद्ध लोकपालाने घेतली. धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण हे चार दिशांचे चार राजे मूळचे भारतीय. त्यांचे एक लक्षण म्हणजे पायाखाली वाकलेला यक्ष किंवा राक्षस. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भारहुतच्या कठड्याचे खांब आहेत. त्यांतील एकावर ‘कुपिरो यखो’ असे नाव कोरलेला कुबेर वाकलेल्या बुटक्या आकृतीवर शांतपणे हात जोडून उभा आहे. इसवी सनापूर्वीचे ते शिल्प आणि आठव्या शतकातील, एक हात कमरेवर ठेवून राक्षसाला किंवा बैलाला तुडवणारी चिनी मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या, तर मध्ये मध्य आशियाच्या वाटेवर किती बदल झाला ते कळते. हात जोडलेले यक्ष तिथे सेनापती झाले. बौद्ध धर्मात देहदहन रूढ असताना त्याच धर्माचे रक्षक दफनाच्या दारावर उभे राहिले, हे मला विशेष वाटते.

जाता जाता, ज्या छांगआन (आजचे शीआन) या थांग राजधानीबाहेर यांतली बरीच थडगी आहेत, तिथेच ह्युएनत्संग ६४५ मध्ये परतला होता आणि त्याआधी काही वर्षे तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता.

काळी माती

एक शंका आहे. आपल्याकडे इनामगावला मिळालेल्या मातीच्या मूर्ती याच प्रकारच्या मानाव्यात का? तिथेही घरात दफने होती, असे वाचल्याचे आठवते.

जमीनखाली

चांगला प्रश्न आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे लहान मुलांना दोन कुंभांच्या तोंडाला तोंड लावून, आडवे ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेल्या एका प्रौढ पुरुषाचे दफनही मिळाले. दफनांसोबत भांडी ठेवलेली होती.

तुम्ही म्हणता ती मूर्ती मात्र दफनातली नाही. एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली लांबट मातीची पेटी होती, तिच्यात एक स्त्रीमूर्ती, आणि सोबत डोके नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. डोके नसलेल्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की ती बैलावर बसते. हे सारे कच्च्या मातीचे आहे आणि त्यासोबत मृतदेह नाही. त्यामुळे तिचा संबंध पूजेशी किंवा नवसाशी जोडला जातो. घराखाली दोन्ही सापडतात, म्हणून दोन्हींचा हेतू एक धरणे योग्य होणार नाही.

काळी माती

धन्यवाद, माझा गोंधळ दूर झाला. जुनी पाटी यांनी गवताच्या बाहुल्यांचा उल्लेख केला, त्यावरून आणखी एक सांगावेसे वाटते. आमच्या गावाकडे पंचकात कोणी गेले, तर प्रेतासोबत दर्भाचे किंवा कणकेचे पाच पुतळे चितेवर ठेवतात. मृताने आपल्यामागे आणखी पाच जणांना नेऊ नये, म्हणून ते पुतळे त्यांच्या वाट्याचे जातात, अशी समजूत आहे. माझ्या आजोबांच्या वेळी आत्याने कणीक तिंबून ते पुतळे केले होते. बोटभर लांबीचे, डोके म्हणून नुसती चिमटीने दाबलेली गोळी, चेहरा नाही. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि ‘आत्या, याला डोळे का नाहीत?’ असे विचारले होते. तिने उत्तर दिले नाही, फक्त मान हलवली. कन्फ्यूशियसची हरकत वाचताना मला ते चेहरा नसलेले पुतळे आठवले.

घोडनदी (धागाकर्ता)

हा अनुभव येथे लिहिल्याबद्दल आपले आभार. चीनमध्येही पुढे हलक्या वस्तूंकडे वळण झाले. आन लुशान या सेनापतीच्या ७५५ सालच्या बंडानंतर थाटाच्या सान्त्साय मूर्तींचा काळ ओसरला आणि सोंग काळापासून (दहाव्या शतकापासून) कागदाची घरे, घोडे आणि नोकर करून जाळण्याची रीत वाढली. छिंगमिंग या पितरांच्या सणाला ती आजही पाळली जाते.

उंबरठा

एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. परदेशात असताना मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ‘थांग काळातील’ म्हणून विकला जाणारा लहान घोडा घेतला. सोबत तपासणीचे प्रमाणपत्र होते. पुढे एका जाणकाराने पाहिले, तेव्हा बैठक जुन्या मातीची आणि वरचा घोडा नवा निघाला. पैसे गेले त्याहून अधिक दुःख याचे झाले की मी तो वर्षभर श्रद्धेने जपला होता.

त्या निमित्ताने शिकलो ते सांगतो. भाजलेल्या मातीतील क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार हे खनिजांचे कण सभोवतालच्या सूक्ष्म किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत भाजताना आधीचा साठा रिकामा होतो आणि तिथून मोजणी नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटी तापवली की साठलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि तिच्यावरून शेवटच्या भाजणीचा काळ काढता येतो. याला तप्तदीप्ती पद्धत म्हणतात. पण ज्या जागेची भुकटी घेतली त्या जागेपुरतेच ते उत्तर खरे असते. नक्कल करणारे हे जाणतात, म्हणून भुकटी जिथून घेतली जाईल तिथे जुना तुकडा बसवतात. लोयांगच्या परिसरात आजही उत्तम सान्त्साय मूर्ती बनतात आणि उघडपणे नव्या म्हणून विकल्या जातात. तशी घ्यावी, त्यात कारागिराचा मान आहे.

आणि खरी निघाली असती तर? ती कोणाच्या तरी थडग्यातून उपसलेली असती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोयांगकडे रेल्वेमार्ग घालताना थडगी उघडी पडली, त्याआधी अशुभ म्हणून असल्या मूर्तींना कोणी हात लावत नसे. ल्वो झन्यू या विद्वानाने १९०७ मध्ये पेइचिंगच्या बाजारात त्या विकत घेतल्या आणि त्यांच्याविषयी लिहिले. मग मागणी वाढली आणि त्यासोबत उपसाही.

शाडू

उंबरठा यांना एक सांगतो. जुना आणि नवा तुकडा जोडलेला असेल तर आतून बोटांचे दाब जुळत नाहीत. बाहेरचा जोड लपवता येतो, आतला कठीण जातो. टेम्सकाठ, पुन्हा त्या दालनात गेलात तर साईसाच्या हातांकडे पाहाल का? मूठ साच्यातली आहे की मागाहून वळवलेली, हे जाणून घ्यायचे आहे.

टेम्सकाठ

आज दुपारी जाऊन आले. काचेबाहेरून जोड सांगण्याइतके माझे डोळे तयार नाहीत, ते काम आपणच कधीतरी येथे येऊन करावे. दिसले ते सांगते. साईसाचा झगा झिलईने ओला असल्यासारखा चमकतो, चेहरा मात्र कोरडा आणि फिकट आहे. मुठी मिटलेल्या आहेत. शाळेची मुले आली होती. त्यांच्यातल्या एका मुलीने साईसासारखेच दोन्ही हात छातीशी धरले आणि घोड्याकडे पाहत बाजूला सरकत गेली, जणू दोरी तिच्या हातात होती.